न दिलेल्या चार गोळ्या

गावात मला सगळे शहाणी म्हणतात. निम्मे कौतुकाने, निम्मे वैतागून, आणि खरं सांगायचं तर मला दोन्ही आवडायचं. मध, माशा, माणसं, दुखणी, सगळ्यातलं आपल्याला कळतं अशी माझी पन्नास वर्षं पक्की समजूत होती. "अति शहाणा त्याचा बैल रिकामा," असं माझी सासू लग्नाच्या दुसऱ्या आठवड्यापासून ऐकवत आली आहे. तिच्याकडे मी कधी लक्ष दिलं नाही. आज देते, पण आता देऊन काय उपयोग?

माझा नवरा स्तामात, वय चोपन्न. आमच्या घराच्या दारातून आत येताना त्याला मान वाकवावी लागते. स्त्रांजाच्या डोंगरात ओकच्या रानात आमच्या साठ मधपेट्या आहेत. भरलेली पेटी छातीशी धरून तो चढ चढायचा आणि वर पोचून गाणं म्हणायचा. इस्पितळात जन्मात एकदाच गेला होता, तोही मला बघायला. आणि माझ्या हातचं काहीही न बघता खायचा. मी पुढे धरलं की तोंड उघडायचं, विचारायचं काही नाही.

आमच्या घरात एक टोमणा आहे, तो आधी सांगते. दोन वर्षांपूर्वी एप्रिलात, गार वाऱ्याच्या दिवशी, मी अकरा नंबरची पेटी उघडली. धुराचा भाता विझला होता. पुन्हा पेटवायचा कंटाळा आला आणि म्हटलं, मिनिटभराचं तर काम आहे. आत बघते तर दुसऱ्या पेटीतल्या चोरट्या माशा मध लुटायला शिरलेल्या, आणि त्यात मी धूर न देता झाकण काढलेलं. सगळी पेटी पिसाळली. स्तामात धावत आला. तळाशी अक्रोडाएवढा माशांचा घट्ट गोळा झाला होता. त्याने तो उचलून पाण्याच्या बादलीत टाकला. गोळा सुटला आणि आतून निघाली राणी. त्यांची स्वतःचीच राणी, दाबून मारलेली.

"चोर कधीच पळाले, बघ," स्तामात म्हणाला, "आणि ह्या अजून दाबतायत."

तेव्हापासून मी कुठे घाई केली, दूध उतू घातलं, गाडी खड्ड्यात घातली, की तो नुसतं म्हणायचा, "अकरा नंबर!" आणि सासूबाई खुदकन हसायच्या.

त्या फेब्रुवारीत विषाणू घरोघर फिरत होता. आमच्याकडे तो तिघांनाही भेटून गेला. सासूबाईंचं वय त्र्याऐंशी. त्या दोनदा शिंकल्या आणि जेवायला काय आहे म्हणून विचारलं. मला वास यायचा बंद झाला, मधाची बरणी नाकाला लावली तरी काही कळेना. स्तामातला मात्र सात दिवस ताप चढला, असा की अंगावर पोळी भाजावी. मी राकियात, आमच्या घरच्या फळांच्या दारूत, भिजवलेली फडकी पोटऱ्यांना गुंडाळली, आंबवलेल्या कोबीचं पाणी पाजलं, माशा पेटीच्या फटी बुजवतात तो डिंक राकियात मुरवून ठेवलेला असतो त्याचे थेंब दिले. आठव्या दिवशी सकाळी ताप उतरला. तो उठून बसला आणि बीनचं सूप मागितलं.

दिवसही कुठला, तर संत हारालांबीचा! आम्हा मधवाल्यांचा सगळ्यात मोठा सण. या संताने सगळ्या रोगांना साखळीने बांधून ठेवलंय, असं आमच्याकडे मानतात. त्या दिवशी बायका मधाच्या बरण्या देवळात नेतात, पाद्र्याकडून मंत्रून आणतात, आणि ती बरणी वर्षभर देवाच्या तसबिरीपाशी राहते, घरातल्या दुखण्यासाठी. आम्हाला बाहेर पडायची बंदी होती, म्हणून शेजारणीने आमची बरणी नेली आणि कुंपणावरून परत दिली, वर मध चोपडलेली पावाची लादी.

"बघितलंस?" सासूबाई म्हणाल्या. "साखळी ओढली संताने."

दुपारी मिन्चेव डॉक्टर आले. गावाचे जुने डॉक्टर, बोलायला कंजूस. शब्दाला किंमत पडते अशा थाटात बोलणार, त्यात तोंडावर मास्क. त्यांनी स्तामातच्या बोटाला ऑक्सिजनचा चिमटा लावला.

"नव्वद. इस्पितळात चल."

"कशाला?" स्तामात हसला. "आज पहिल्यांदा बरं वाटतंय. तिथे जाऊन मरणाऱ्यांच्या रांगेत बसू? डॉक्टर, तुम्हीच थोडी राकिया घ्या, तुमचाच चेहरा पडलाय."

बराच वेळ घासाघीस झाली. तो हलेना. शेवटी मिन्चेवनी पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. आत छोट्या पांढऱ्या गोळ्या होत्या.

"आत्ता एक दे. मग रोज सकाळी एक. चुकवू नकोस, केराना. खरा धोका आता सुरू होतोय."

"अहो, पण ताप गेलाय की!"

"म्हणूनच."

एवढं बोलून चिमटा आमच्याकडे ठेवून ते निघाले. त्यांना अजून नऊ घरं करायची होती. 'म्हणूनच' म्हणजे काय, हे त्यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. मला कुठे काही विचारायची सवय होती?

मी चष्मा लावला आणि पाकिटातला कागद उलगडला. शहाणी बाई कागद वाचल्याशिवाय गोळी देत नाही. मुंगीच्या पायाएवढी अक्षरं. तिसऱ्या ओळीला माझे डोळे थांबले. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती दाबते. मी पुन्हा वाचलं. दाबते! घरात रोग शिरलेला, माणूस त्याच्याशी सात दिवस झुंजून आत्ता कुठे उठून बसलेला, आणि हा डॉक्टर म्हणतो त्याची ताकदच दाबा! 

"आई, हे ऐका," म्हणत मी ती ओळ सासूबाईंना वाचून दाखवली.

त्यांनी तीनदा छातीवर क्रूस काढला. "म्हातारा झाला मिन्चेव. स्वतः झोपलेला नसतो, काय देतो ते त्याला तरी कळतं का? फेकून दे ते."

फेकल्या नाहीत मी. औषध फेकणारी मी नव्हे. खणात कातरीखाली ठेवल्या. आणि त्याच खणात क जीवनसत्त्वाच्या गोळ्या होत्या, पांढऱ्याच, जराशा मोठ्या. त्यातली एक काढली, मंत्रलेल्या मधाच्या चमच्यावर ठेवली आणि स्तामातपुढे धरली. त्याने तोंड उघडलं.

"डॉक्टरांची का?"

"हो."

गिळली त्याने. मी मनात म्हटलं, प्रतिकारशक्ती दाबायची म्हणे! वाढवायची असते ती.

दुसऱ्या दिवशी मिन्चेवचा फोन आला. "घेतोय?"

"घेतोय."

"आकडा?"

"एकोणनव्वद."

"वाढायला हवा होता. लक्ष ठेव."

तिसऱ्या दिवशी सत्त्याऐंशी. आता काय सांगू तुम्हाला माझं शहाणपण! मला वाटलं, चिमट्याची बॅटरी उतरली. कारण माणूस समोर बसून पत्ते खेळत होता, सासूबाईंची खोडी काढत होता, धाप लागतेय असं एकदाही म्हणाला नव्हता. मी बॅटरी बदलली. तरी सत्त्याऐंशीच. मग चिमटा सासूबाईंच्या बोटाला लावला, तर सत्त्याण्णव.

"ह्या वयात!" म्हातारी अशी खुलली की दिवसभर बोट वर करून हिंडत होती.

मी मधाचे चमचे दोनाचे चार केले. डिंकाचे थेंब वाढवले. फोनवर मिन्चेवना म्हटलं, "घेतोय हो, तुमच्यासमोर देऊ का?" चिडूनच म्हटलं.

तेरा तारखेला सकाळी मी चौथी गोळी दिली, म्हणजे माझी, चौथी खोटी. तासाभराने स्तामात रानातल्या पेट्यांबद्दल काहीतरी सांगत होता. वाक्य अर्ध्यावर थांबलं. मी वळून बघितलं. तो तोंड उघडून बसला होता आणि त्याचे ओठ तुतीसारखे जांभळे झाले होते. चिमटा लावला. चौऱ्याहत्तर.  दगडासारखा माणूस, ताप नाही, खोकला नाही, सणाचा दिवस उलटून तीन दिवस झालेले, आणि चौऱ्याहत्तर? हे होतंय काय, हे मला कळेना, आणि मला कळत नाही असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं.

रुग्णवाहिका आली. तो स्वतः चालत तिच्यात चढला. चढताना मला म्हणाला, "पेट्यांवरची झाकणं... बघ. वारा..." पुढचं आलंच नाही.

त्याची गाडी घेऊन मी मागून निघाले, शेजारी सासूबाई. समुद्राकाठच्या शहरातलं इस्पितळ सव्वा तासावर. आत कोणाला सोडत नव्हते. अंगणात आमच्यासारखे पंधरा-वीस जण थंडीत फोन हातात धरून उभे होते, आणि कोणाचाही फोन वाजला की सगळेच दचकत होते. दोन वाजता माझा वाजला. सासूबाईंना ऐकू कमी येतं, म्हणून मी आवाज मोठा केला.

"मी डॉक्टर हाजीएवा. तुम्ही बायको का? नीट ऐका, माझ्याकडे वेळ कमी आहे." आवाजावरून तरुण वाटली. "फुप्फुसं दोन्ही बाजूंनी भरलीत. एक्स-रे फोटोत काळी दिसायला हवीत ती पांढरी दिसतायत."

"म्हणजे विषाणू सगळीकडे पसरला?"

"नाही. विषाणू आता जवळजवळ उरलेलाच नाही."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "उरलेला नाही? मग माझा नवरा मरतोय कशाने?"

"त्याच्या स्वतःच्या शरीराने," ती म्हणाली. "विषाणूला मारायला ज्या पेशी धावून येतात ना, त्या आल्या, त्यांनी काम केलं. पण त्या थांबल्याच नाहीत. एकीने दुसरीला हाक मारली, दुसरीने दहा जणींना. आता त्या फुप्फुसातल्या हवेच्या पिशव्याच फाडतायत. सूज येऊन त्यांत पाणी भरलंय. तो बुडतोय, आतल्या आत."

बाजूला सासूबाई पुटपुटल्या, "कुंपणानेच शेत खाल्लं म्हणायचं."

आणि माझ्या डोळ्यांसमोर बादली आली. पाण्यात सुटत गेलेला माशांचा गोळा. चोर कधीच पळाले, बघ, आणि ह्या अजून दाबतायत. अकरा नंबर. धूर न देता उघडलेली पेटी. पिसाळलेल्या पेटीला काय देतात, हे मला माहीत नव्हतं? सत्तावीस वर्षं धुराचा भाता हातात घेऊन मी हिंडले! धुराने माशा मरत नाहीत, दुबळ्या होत नाहीत, फक्त शांत होतात. त्या गोळ्या धूर होत्या. मिन्चेवनी माझ्या हातात धूर दिला होता आणि मी तो कातरीखाली ठेवला होता.

"ऐकताय ना?" हाजीएवा म्हणाली. "मिन्चेव डॉक्टरांच्या चिठ्ठीत लिहिलंय, दहा तारखेपासून सूज उतरवायच्या गोळ्या चालू आहेत, रोज एक, चुकलेली नाही. चार दिवस ते औषध घेऊनही तो एवढा खाली गेला असेल, तर त्याने काम केलं नाही असं मी धरणार. मग मी वाट बघत बसणार नाही, आत्ता लगेच घशात नळी घालून यंत्रावर ठेवणार. आणि खरं सांगते, आमच्याकडे नळी घातलेल्यांतले फार थोडे परत येतात. म्हणून एकदा विचारून घेते. गोळ्या नक्की घेतल्यात ना?"

माझ्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला ते पंधरा-वीस अनोळखी लोक. सगळे ऐकत होते, ऐकायला दुसरं होतंच काय तिथे? 'हो' हा शब्द माझ्या जिभेवर तयार होता, चार दिवस तोच तर वापरत होते. हो म्हटलं असतं तर कोणालाही कधी कळलं नसतं. खणातल्या गोळ्या मी घरी जाऊन चुलीत टाकल्या असत्या. मी शहाणीच राहिले असते. लाज वाटते सांगायला, पण एक श्वासभर मी हा विचार केला.

"नाही घेतल्या," मी म्हटलं.

"किती चुकल्या?"

"एकही दिली नाही. मी दिल्या नाहीत. त्याला वाटतंय त्याने घेतल्या. मी दुसऱ्या दिल्या, जीवनसत्त्वाच्या. डॉक्टरांनाही खोटं सांगितलं."

 मला वाटलं, आता ही मला शिव्या घालणार. घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"एकही नाही?"

"एकही नाही."

"मग अजून जागा आहे," ती म्हणाली. "आत्ता शिरेतून सुरू करते, मोठा डोस. तोंडावर ऑक्सिजन, आणि पालथा झोपवते. रात्रीपर्यंत नळी थांबवून बघते. हमी देत नाही."

फोन बंद झाला. अंगणातली एक बाई माझ्याकडे अशी बघत होती की मी मान खाली घातली. सासूबाई पायरीवर बसल्या होत्या. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार, सत्तावीस वर्षांचं सगळं बाहेर येणार.

"फेकून दे असं मी म्हटलं होतं," त्या म्हणाल्या. "तुला नाही, मला आधी नरकात नेतील. ये, बस इथे."

मी बसले नाही. मिन्चेवना फोन लावला, सगळं सांगितलं, आणि सांगता सांगता त्यांच्यावरच ओरडायला लागले. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. "म्हणूनच म्हणे! म्हणूनच म्हणजे काय? धूर दे एवढं म्हणाला असतात तर मी मध्यरात्री उठून गोळ्या दिल्या असत्या! दोन शब्द, डॉक्टर! धूर दे!"

म्हातारा म्हणाला, "पंधरा वर्षं तुझ्याकडचा मध खातोय. एवढं मला सुचायला हवं होतं."

त्यावर मला रडू फुटलं, कारण चूक त्यांची नव्हती, आणि ते त्यांनाही माहीत होतं आणि मलाही.

त्या संध्याकाळी आकडा शहाऐंशी झाला. नळी घातली नाही. दुसऱ्या दिवशी अठ्ठ्याऐंशी, मग परत चौऱ्याऐंशी, आणि असं सहा आठवडे. मार्चच्या शेवटी त्यांनी त्याला चाकाच्या खुर्चीतून दारापर्यंत आणलं, तेव्हा मी त्याला ओळखलंच नाही. कोट त्याचा होता, आत दुसराच कोणीतरी म्हातारा होता. हाजीएवाला मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं. एवढीशी मुलगी, डोळ्यांखाली काळं.

"खालच्या भागात व्रण राहिलेत," तिने सांगितलं. "तिथे आता हवा जाणार नाही. बाकीचं भरून येईल, हळूहळू. सूज परत उसळू नये म्हणून गोळ्या चालू ठेवायच्या, दर आठवड्याला थोड्या कमी करत. ह्या तरी द्या."

"चार दिवस आधी सुरू झालं असतं तर?"

"ते कोणीच सांगू शकत नाही," ती म्हणाली. मला वाटतं तिला सांगता आलं असतं.

घरी फाटकापासून अक्रोडाच्या झाडापर्यंत वीस पावलं आहेत. स्तामात दोनदा थांबतो. गाणं नाही. रानातल्या पेट्यांकडे मी एकटी जाते, आणि आल्यावर त्याला सगळ्या पेट्यांची बातमी सांगते, एक ते साठ.

"त्याला सांगू नकोस," सासूबाई मला बजावत होत्या. "त्याच्या बापापासून मी काय काय लपवलं! सुखाने गेला बिचारा."

दहा दिवस मी त्यांचं ऐकलं, एवढं आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं. रोज सकाळी चमच्यावर गोळी ठेवायची, तो तोंड उघडायचा, बघायचा नाही. अकराव्या दिवशी ते उघडलेलं तोंड मला बघवेना. चमचा खाली ठेवला आणि सगळं सांगितलं. कागद, खण, कातर, जीवनसत्त्वाच्या गोळ्या, मिन्चेवचे फोन, इस्पितळाचं अंगण. तो 'एक श्वासभर' विचारसुद्धा सांगितला. सासूबाई दारात उभ्या होत्या, हातातली चाळणी तशीच.

स्तामात टेबलाकडे बघत राहिला. त्याच्या छातीतून आता सारखी बारीक शिट्टी येते. मी म्हटलं, "बोल काहीतरी. शिव्या दे. आई आहेत इथे म्हणून लाजू नकोस."

"अकरा नंबर," तो म्हणाला. या वेळी कोणी हसलं नाही.

त्या दिवशी आम्ही जेवलो, पत्ते खेळलो, त्याने मला वारा कुठून आहे ते विचारलं. मला वाटलं, संपलं एवढ्यात. सत्तावीस वर्षांचा संसार आहे, एवढं तो पेलणारच. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नेहमीसारखी गोळी चमच्यावर ठेवली आणि पुढे धरली. त्याने तोंड उघडलं नाही. हात पुढे केला.

"पाकीट दे. आणि तुझा चष्मा."

मी दोन्ही दिलं. माझा चष्मा त्याच्या रुंद नाकावर बसेना, त्याने तो हाताने धरून ठेवला. पाकिटावरचं नाव त्याने मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर, मध्ये श्वास घेत. मग चमच्यावरची गोळी उचलून पाकिटातल्या गोळीशेजारी धरून बघितली. आणि मग गिळली. माझ्याकडे रागाने बघितलंही नाही. पाण्याचा पेला परत देताना तर हातावर थोपटलं.

तिसऱ्या दिवशीही त्याने चष्मा मागितला, चौथ्याही. आता त्याला मागावा लागत नाही. पाकीट आणि चष्मा मीच आधी आणून ठेवते, चमच्याच्या शेजारी.